डाव्या हातातला कॅन

३ नोव्हेंबर, रविवार, दुपार

प्रिय वहिनी,

तुला नमस्कार आणि तुझ्या लेकीला एक पापा. शाळेत बाईंनी शिकवलं होतं, पुढे 'पत्रास कारण की' असं लिहायचं. तसं लिहिलं आणि खोडलं, तुला दिसेलच. कारण शेवटी सांगते. आधी बाकीचं.

आम्ही बरे आहोत, माझे गुडघे सोडून. परवा डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभर चालता का हो तुम्ही?" म्हटलं, चालते, पण एकाच जागी. ते म्हणाले, "मशीनवर?" आता त्यांना काय सांगू, की पडद्यावरची माणसं चालतात, धावतात, धडपडतात आणि त्यांच्या पावलांचे आवाज मी एका बंद खोलीत त्यांचे बूट घालून काढते! दादा असता तर त्याने एका वाक्यात उरकलं असतं. "आमच्या धाकटीला बूट झिजवायचा पगार मिळतो." किती जणांना सांगितलं असेल त्याने हे.

हातात फोन असताना ही बया पत्र कशाला लिहितेय, असं तू म्हणत असशील. फोनवर माझा आवाज तुला फार लवकर कळतो. साधी सर्दी झाली तरी विचारतेस, "रडलीस का?" म्हणून कागद बरा. कागदाला सर्दी होत नाही.

तुझ्या दुकानातलं भिंगं घासायचं नवं यंत्र चाललं का? मागे म्हणालीस, पहिल्याच दिवशी त्याने एका बाईंचा नंबर उलटा घासला. आणि त्या बाई तरीही म्हणाल्या, आता छान दिसतंय! माणसाला काय दिसायला हवं असतं कोण जाणे.

नवरा बरा आहे. सकाळी गाडी शिकवायला जातो, संध्याकाळी येतो. हल्ली विद्यार्थ्यांवर ओरडत नाही, त्यामुळे विद्यार्थीच घाबरलेत. एक मुलगी मला फोन करून विचारत होती, "सरांना बरं नाही का? काल मी गाडी कठड्याला घासली तर म्हणाले, असू दे."

सिनेमाचं माझ्याकडचं काम संपत आलंय. तुला आठवत असेल, आधी मी नाहीच म्हटलं होतं. आपल्याच घरातल्या दोघांची, दादाची आणि माझ्या नवऱ्याची, ती वाळवंटातली शिकार, आपल्याच घरातलं मरण, आणि त्यावर मी पावलं वाजवायची? दिग्दर्शिका बाईंना सरळ सांगितलं, दुसरं कुणी बघा. घरी आले आणि मनात आलं, म्हणजे दुसरंच कुणीतरी दादाचे पाय होऊन चालणार. ते काही मला सोसवेना. दुसऱ्या दिवशी जाऊन हो म्हटलं.

बाईंनी मेहुण्या-मेहुण्यांचे दोन मित्र केलेत आणि त्यांच्या मागे लागायला चोरट्या शिकाऱ्यांची एक टोळी घातलीय. नुसत्या रेतीला कोण घाबरतं, असं निर्मात्याचं म्हणणं. आपल्याला विचारायचं होतं.

रेतीचं काम तसं कटकटीचं. जरा ओल राहिली की चिखलासारखी वाजते. म्हणून आम्ही ती गच्चीवर ताडपत्रीत वाळवतो, चाळतो आणि खोलीतल्या चौकोनी खड्ड्यात भरतो. काचेपलीकडे आमचे काका बसतात, ध्वनिमुद्रण करणारे. तू त्यांना भेटली आहेस, कानात केसांचं जंगल असलेले, तरीही सगळं ऐकू येणारे. पडदा बघत बघत मी चालते. गिधाडाचे पंख म्हणजे चामडी हातमोज्यांची फडफड. बंदुकीचा पट्टा म्हणजे माझी जुनी पर्स.

जॅक घसरतो आणि गाडी पायावर येते, तो आवाज मी केला नाही. त्या दिवशी रजा घेतली. काकांनी काय वापरलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

दादाची पावलं मात्र सगळी माझी. नटाचे बूट मला दोन-दोन मोजे घालूनही सैल. तो नट पाऊल उचलून टाकतो, त्या बिचाऱ्याला काय माहीत दादा कसा चालायचा. मी टाच थोडी घासली. काका काचेपलीकडून म्हणाले, "पाय घासतोय गं." म्हटलं, घासू दे. तू किती ओरडायचीस त्याच्यावर, "अहो, चपला उचलून चाला, वरात निघाल्यासारखं काय!" सिनेमात ती तुझी वरात ऐकू येईल.

आता कारण. बावीस तारखेच्या शुक्रवारच्या पहिल्या खेळाला तू येणार आहेस. मला वाटतं, येऊ नकोस. प्रवास लांबचा आहे, गर्दी असणार, छायाचित्रं काढणारे अंगावर येतात. आवाज फार मोठा ठेवतात, छातीत धडधडतं. तुझं ब्लडप्रेशर आहे. मागाहून मी तुला घरी निवांत दाखवीन, आपण दोघीच बघू.

बघ, विचार कर. रागावू नकोस.

तुझी,
धाकटी


८ नोव्हेंबर

नणंदबाई,

तुझी चार पानं मिळाली. त्यात एकच ओळ खरी आहे, गुडघ्यांची. तेल लाव आणि जिने चढू नकोस.

माझं ब्लडप्रेशर तुझ्यापेक्षा चांगलं आहे. गर्दीचं मला सांगू नकोस, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात माझ्या दुकानात येऊन बघ. छायाचित्रवाले अंगावर आले तर त्यांचे नंबर तपासून देईन. आणि आवाज मोठा असतो म्हणे! तू केलेला आवाज, मी ऐकायला यायचं नाही?

मी कशासाठी येतेय ते तुला माहीत आहे, तरी लिहिते. दिग्दर्शिका बाई माझ्याकडे आल्या होत्या तेव्हा दुकानाच्या स्टुलावर दोन तास बसल्या. किती गोड बोलत होत्या. मी म्हटलं, टोळी घाला, वाघ घाला, काय घालायचं ते घाला, माझी एकच अट. पहाटेचा तो प्रसंग गाळायचा नाही. ह्यांचा हात भाऊजींच्या हातात होता, ते दाखवायचं. त्यावर मी सही केली.

आठ वर्षं मी ते डोळ्यांपुढे आणते आहे. पण मला नीट दिसत नाही गं. कधी हात दिसतात तर चेहरा नाही, कधी चेहरा दिसतो तर तो लग्नातल्या फोटोतला. एकदा पडद्यावर बघितलं की बसेल मनात. माणूस तडफडून एकटं गेलं नाही, आपलं कुणी जवळ होतं, एवढ्यावर मी सकाळी उठून दुकान उघडते. तुला हे माहीत आहे.

भाऊजींना सांग, माझ्या शेजारची खुर्ची त्यांची. तो प्रसंग आला की मला त्यांचा तो हात धरायचा आहे. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. त्या दिवशी दवाखान्यात मी त्यांचे आभारसुद्धा मानले नव्हते.

तुझं काय अडलंय ते सरळ लिही. तू लहानपणापासून अशीच, असं तुझा दादा म्हणायचा. बरणी फुटली की हिला गावभरच्या बातम्या आठवतात.

तिकीट काढलेलं आहे.

वहिनी


१२ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळ

वहिनी,

वर 'प्रिय' लिहिलं नाही, कारण पत्र संपेपर्यंत तो शब्द तुला चालेल की नाही, मला माहीत नाही.

तुझ्या शेजारच्या खुर्चीचं वाचलं आणि पत्र मिटून ठेवलं. दोन दिवस कामाला गेले आणि आले. आता नवरा बाहेरच्या खोलीत बसलाय. मी तुला लिहितेय हे त्याला माहीत आहे. लिही म्हणाला नाही, लिहू नकोसही म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "थर्मासचं पण लिही."

तर बरणी फुटली ती अशी.

गेल्या महिन्यात शेवटची पावलं करत होते. सिनेमातला दादा गेलेला आहे. दुसरा त्याचे डोळे मिटतो, पाण्याचा रिकामा कॅन उचलतो आणि रस्त्याच्या शोधात चालायला लागतो. नवऱ्याने आपल्याला सांगितलं होतं तसंच: पाणी आदल्या दिवशी संपलं, दादा बेशुद्धच होता, पहाटे ह्याचा हात धरून गेला, आणि मग हा रिकामा कॅन घेऊन निघाला, वाटेत कुठे विहीर लागली तर भरायला. ट्रकवाल्यांना हा रस्त्यावर सापडला तेव्हाही कॅन हातात होता, ते सगळ्यांना माहीत आहे.

मी रिकामा कॅन डाव्या हातात धरला आणि चालले. बसेना. पुन्हा केलं. आवाज चित्रावरून घसरत होता. काका म्हणाले, वेळ चुकतेय. वेळ चुकत नव्हती. मी चित्र थांबवून बघितलं. रिकामा कॅन मांडीवर आपटतो, हात मोकळा झुलतो. पडद्यावरचा हात झुलत नव्हता. डावा खांदा उतरलेला, उजवा हात अंगापासून लांब, आणि दर वेळी डावं पाऊल रेतीत जास्त रुतत होतं. काका म्हणाले, "पोरी, भरून तर बघ." नळाखाली कॅन भरला, घेऊन चालले. पहिल्याच खेपेला चपखल बसलं.

बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "पाणी कसं काय? संपलंय ना पाणी!" मग रिकाम्या कॅनचा आवाज घेतला आणि बारीक करून टाकला. मला नटाचा राग आला. एवढा नावाजलेला, आणि साधा रिकामा कॅन धरता येत नाही!

त्या संध्याकाळी जेवताना मी ह्याला हेच सांगितलं. हसत हसत, वहिनी. मला खरंच काही कळलेलं नव्हतं. म्हटलं, "तुझा हिरो भरलेला कॅन धरल्यासारखा चालतो रे. कुणी शिकवलं त्याला?"

"मी," म्हणाला. "तिकडे चित्रीकरणाला गेलो होतो तेव्हा. तो म्हणाला, एकदा चालून दाखवा. मी दाखवलं."

"मग चुकीचं दाखवलंस."

त्याच्या तोंडात घास होता. तो त्याने चावलाही नाही, गिळलाही नाही. तसाच म्हणाला, "नाही. बरोबर दाखवलं."

मी अजून हसतच होते. मग हसू कुठे ठेवायचं ते कळेना.

वहिनी, कॅन रिकामा नव्हता. आणि हा निघाला तेव्हा दादा जिवंत होता. शुद्धीत होता, बोलत होता.

आता त्याने सांगितलं ते सांगते. मी त्यात माझं काही घालत नाही.

गाडी रुतली. जॅकखाली फळी ठेवून गाडी उचलताना फळी कलली आणि गाडी दादाच्या मांडीवर आली, तिथवर सगळं आपल्याला माहीत आहे तसंच. ह्याने त्याला ओढून काढलं, गाडीच्या सावलीत ठेवलं. फोन लागत नव्हता. कुणी येईल म्हणून वाट बघण्यात दुसरा दिवसही गेला. संध्याकाळी दादा म्हणाला, "दोघं बसलो तर दोघं जाऊ. तुमचे पाय धड आहेत, तुम्ही चाला. कॅन घेऊन चाला, नाहीतर अर्ध्यात पडाल." हा नाही म्हणाला. दोघं भांडले. दादा म्हणाला, "जावईबापू, तुम्हाला इथे मारलं तर माझी बहीण मला मेल्यावरही जगू द्यायची नाही."

हे खरं आहे, असं मला ह्या वाक्यावरून कळलं. हे दादाशिवाय कुणाला सुचणार नाही.

पहाटे हा तयार झाला. थर्मास काठोकाठ भरला आणि दादाच्या हाताशी ठेवला. बुटाची नाडी बांधायला वाकला आणि मान वर केली, तर दादा थर्मास कॅनमध्ये परत ओतत होता. हळूहळू, एक थेंब खाली सांडू न देता. ह्याने बघितलं. दादाने ह्याला बघताना बघितलं नाही. ह्याने मान खाली घातली आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधली.

नको म्हणाला नाही.

"कॅन त्याने दिला, ते मी सांगू शकलो असतो," हा म्हणाला. "थर्मासचं सांगता आलं नसतं. आणि ते सोडून बाकीचं सांगायला लागलो असतो तर मला माहीत होतं, कुठेतरी तिथेच येऊन अडकलो असतो."

दवाखान्यात तू विचारलंस, "शेवटी जवळ कुणी होतं का?" त्याच्या हाताला सलाईन होती आणि ओठ सोललेले होते. तो म्हणाला, "मी होतो." एवढंच म्हणायचं होतं त्याला. मग तू त्याचा हात बघितलास आणि विचारलंस, "हाच हात?" तो हो म्हणाला. मग पाणी आधीच संपवावं लागलं, दादाला बेशुद्ध करावं लागलं, पहाट आणावी लागली.

दादा कधी गेला, कुणालाच माहीत नाही. जवळ कुणी नव्हतं. वहिनी, हे वाक्य मी चार वेगळ्या कागदांवर लिहून बघितलं. कसंही लिहिलं तरी ते असंच आहे.

अजून एक आहे. ते तुझं आहे, माझं नाही.

हा निघाला आणि थोडा लांब गेला तेव्हा दादाने हाक मारली. सिनेमातही तो नट मध्येच थांबतो. मी त्या थांबण्यावर कितीदा पाय रोवले, आणि मनात म्हणायची, मेलेल्या माणसाला मागे टाकून जाणारा असा का थांबतो? मान का वळवतो? हे थांबणंसुद्धा ह्यानेच त्याला शिकवलेलं.

दादा ओरडून म्हणाला, "तिला सांगा, चष्मा लावला होता!"

तुला मी काय सांगू. तू किती मागे लागायचीस. शिकारी माणूस चष्मा लावतो का, असं म्हणून तो पठ्ठ्या तुझ्या दुकानातल्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करून म्हणून दाखवायचा आणि तू तक्ता बदललास तरी जुनीच म्हणायचा! तर त्याने तो चष्मा गुपचूप नेला होता. पहिल्याच संध्याकाळी डोळ्यांवर चढवला. समोर ससा होता.

"सांगा तिला, कानातल्या शिरासुद्धा दिसल्या. उजेड पाठीमागून होता, लाल लाल दिसल्या. एवढं दिसल्यावर नेम कसला धरतो! सांगा, तिचंच बरोबर होतं. पण एकदम नका सांगू, डोक्यावर बसेल."

एवढं बोलून त्याने हात हलवला, जा म्हणून. हा गेला.

आता माझं. ऐकल्यावर मी ह्याच्याशी आठवडाभर बोलले नाही. एका घरात राहून न बोलणं केवढं कष्टाचं काम आहे! दूध आलं तेसुद्धा भिंतीला सांगायचं. रागाने माझं डोकं फुटत होतं. माझ्या भावाचं पाणी पिऊन आलेला माणूस माझ्या घरात दाढी करतोय, पेपर वाचतोय. आणि त्याच वेळी, आंघोळीच्या खोलीतून त्याच्या खोकल्याचा आवाज आला की माझा जीव भांड्यात पडायचा, की आहे, घरात आहे. हे दोन्ही एकाच छातीत कसं राहतं, मला माहीत नाही. पाणी एकालाच पुरणार आहे, कोण यावं ते सांग, असं मला त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, ते तुला कळत असेल. म्हणून तुझ्याकडे मान वर करून बघवत नाही.

सिनेमात रिकामाच कॅन वाजणार आहे आणि पहाटेचा प्रसंग तू सांगितलास तसाच आहे, हातात हात. फार सुंदर झालाय. लोक रडतील. तू त्या अंधारात ह्याचा हात धरून बसली असतीस आणि ह्याने तो धरू दिला असता. मी पलीकडच्या खुर्चीवर बसून ते बघितलं असतं. ते होऊ नये म्हणून मी आधी खोटं लिहिलं, येऊ नकोस म्हणून. आता तसं म्हणत नाही. ये, किंवा येऊ नकोस. शेजारी कुणाला बसवायचं ते तू ठरव. मला नाही बसवलंस तरी समजेन.

लेकीला सांगायचं की नाही, केव्हा सांगायचं, हेही तुझंच.

तुझी नणंद आणि त्याची बायको, दोन्ही


१७ नोव्हेंबर

भाऊजी,

हे पत्र तुमच्या बायकोला दाखवलंत तरी चालेल, पण लिहिलंय तुम्हाला.

तिचं पत्र मी दुकानात उघडलं. समोर एक आजोबा चष्म्याची तुटलेली काडी घेऊन बसले होते. त्यांना म्हटलं, उद्या या. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ते आजोबा अजून एका काडीवर फिरत असतील.

पहिल्या दिवशी तुमचा चेहरा आठवला तरी शिसारी येत होती. हे लिहिते, कारण ते तसं होतं, आणि आता आपल्यात चांगलं दिसावं म्हणून काही लिहायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःला तिथे नेलं. गाडीच्या सावलीत, तुमच्या दोघांच्या मध्ये बसवलं. मी असते तर काय केलं असतं? मीच तुम्हाला म्हटलं असतं, उठा, कॅन घ्या, चालायला लागा. हे मी शंभरदा करून बघितलं, दर वेळी मी तुम्हालाच पाठवलं. मग थर्मास. तिथे मात्र मी भांडले असते. हिसकावून घेतला असता त्यांच्या हातातून. तुम्ही नाही भांडलात. त्याचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही. कळेल असंही नाही. ते आपल्यामध्ये राहील, तुम्हीही राहू द्या.

ते एकटे गेले. आठ वर्षं मी ज्याच्यावर दुकान उघडलं ते गेलं. उद्यापासून कशावर उघडायचं, बघते.

पण भाऊजी, माझा खरा राग निराळाच आहे. ससा माझा होता. ह्यांनी तो तुमच्याजवळ दिला, पोचवायला दिला. लग्नाला एवढी वर्षं झाली होती, मी एकदाही ह्या माणसाच्या तोंडून 'तुझं बरोबर' असं ऐकलं नव्हतं. ऐकायला मिळणार होतं, आणि तुम्ही ते घेऊन बसलात. लेकीने दहावीच्या वर्षी विचारलं होतं, "बाबा शेवटी काही बोलले का गं?" मी म्हटलं, नाही, शुद्धच नव्हती. ती पुन्हा अभ्यासाला बसली. मी भाजी निवडत होते, तेही आठवतं.

परवा बंद दुकानातच तिला सगळं सांगितलं. आधी थर्मास सांगितला, मग ससा. ती हसायला लागली. "बाबांनी अक्षरं पाठ केली होती?" म्हणाली. मी उठून तक्त्यापुढे उभी राहिले आणि ते कसे म्हणायचे ते म्हणून दाखवलं, छाती काढून. दोघी हसलो. मग तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ वर केलं नाही.

शुक्रवारी मी येणार आहे. सिनेमा बघणार नाही. त्यातला तो प्रसंग आता मला नको, कितीही सुंदर झाला असला तरी. लोक आत जातील तेव्हा आपण दोघं बाहेर बसू. बाक असेल कुठेतरी, नाहीतर पायऱ्या आहेत. तुम्ही मला पहिल्यापासून सांगा. गाडी कुठे रुतली, ते कुणाला शिव्या देत होते, सावली कोणत्या बाजूला पडत होती, दुखत असताना काय म्हणत होते. मला बरं वाटावं म्हणून काही घालू नका. तुम्ही वाईट दिसता म्हणून काही गाळू नका.

मधेच मला उठावंसं वाटलं तर मी उठून जाईन. तुम्ही बसून राहा. मी परत येईन.

अजून तरी तुमची,
वहिनी